सायकलवरचा सिनेमा आणि दोनदा दिलेले तारे

माझ्या वहीत एका पाठलागपटापुढे ५ पैकी साडेचार तारे आहेत. ते दिले तेव्हा घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं, पाय व्यायामाच्या सायकलवरून खाली टेकून काही मिनिटं झाली होती आणि छातीची धडधड थांबली असं वाटत होतं. आठवड्याभराने मोठ्या कौतुकाने घरच्यांना तोच सिनेमा दाखवायला बसवलं. पाऊण तासात दोघं उठून गेली, तिसऱ्याला डुलकी लागली आणि मलाही कळेना, की यात मला एवढं काय आवडलं होतं. त्या साडेचारातले निदान दीड तारे सायकलचे होते.

घरी व्यायाम करता करता सिनेमा बघणं तसं सोपं आहे, चार-पाच दिवसांत जमून जातं. बघितलेल्या सिनेमाला प्रामाणिकपणे तारे देणं मात्र अवघड. दोन्ही पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने शिकलो (बरंचसं पडून-झडून) त्याच क्रमाने लिहितो.

पायरी १ : डोकं स्थिर राहील असा व्यायाम निवडा

पहिला निकष एकच. व्यायाम करताना डोकं किती हलतं? एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल इथे सगळ्यांत वरचढ. पाय फिरतात, बूड सीटवर, मान जागच्या जागी. पाठ टेकून बसायची सायकल असेल तर आणखी उत्तम. त्याखालोखाल ट्रेडमिलवरचं चालणं. चालताना डोकं हलतं, पण शरीराकडे त्याची सोय आहे: कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र डोळ्यांना डोक्याच्या उलट दिशेला तेवढंच हलवतं आणि चित्र स्थिर दिसतं. पळायला लागलात की ही सोय अपुरी पडते. सबटायटल्स वाचताना हे लगेच कळतं. ओळ दिसत असते, पण वाचून होण्याआधी निघून जाते.

म्हणून ट्रेडमिलवर पळताना सिनेमा नको. पळायचंच असेल तर गाणी ऐका.

दोरीवरच्या उड्या, रोइंग मशीन, स्टेपर यांवर काय बघावं हा प्रश्न नेहमी येतो. रोइंगमध्ये तुम्ही पडद्याच्या जवळ जाता आणि लांब येता, शिवाय यंत्राचा घरघराट संवाद खाऊन टाकतो. उड्यांबद्दल बोलायलाच नको. जोर, बैठका, डंबेल्स यांत नजर पडद्यावर नसते आणि नसलेलीच बरी, कारण वजन उचलताना लक्ष वजनाकडे हवं. ते व्यायाम करायचे तर आधी पाहिलेला सिनेमा लावा आणि दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत बघा. त्याला तारे देऊ नका.

यंत्रच नसेल तर? जागच्या जागी चालणं. हसू नका. गुडघे जरा वर उचलून वीस मिनिटं चालून बघा आणि मग ठरवा.

पायरी २ : पडदा, आवाज आणि रिमोट मांडून ठेवा

पडद्याची उंची जमिनीवर उभं राहून ठरवू नका. सायकलवर बसा, हँडल धरा, नेहमीसारखे पुढे झुका आणि मग बघा डोळे कुठे येतात. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याच्या जरासा खाली हवा. पडदा बाजूला असेल तर पहिल्या दिवशी काही वाटत नाही, चौथ्या दिवशी मान एका बाजूने आखडते. मोबाईल हँडलवर अडकवून बघणाऱ्यांची मान खाली वाकलेली राहते, त्यामुळे वीस मिनिटांपलीकडे ती सोय बरी नाही.

सायकलची सीटही याच वेळी बघून घ्या. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पूर्ण ताठ होत असेल तर सीट उंच आहे, बराच वाकत असेल तर खाली आहे. सिनेमात रमल्यावर गुडघ्याची तक्रार उशिरा ऐकू येते, म्हणून सीट आधीच लावायची.

मांडणी झाली की परीक्षा घ्या. सबटायटल्स असलेलं कुठलंही दृश्य लावा, पाच मिनिटं पेडल मारा. प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचता आली तर अंतर बरोबर. अर्ध्या ओळी निसटत असतील तर पडदा जवळ आणा किंवा अक्षरं मोठी करा. सिनेमा आपल्याच भाषेतला असला तरी सबटायटल्स चालू ठेवा, हा माझा हट्ट आहे. पंखा, पेडल आणि स्वतःचा श्वास या तिघांच्या गोंगाटात कुजबुजलेलं वाक्य हमखास हरवतं आणि नेमकं तेच वाक्य पुढे कथेत लागतं.

आवाजाचं दुसरं टोकही सांभाळा. यंत्राचा आवाज दाबायला हेडफोनचा आवाज वाढवत नेला जातो, आणि यंत्र थांबल्यावर कळतं की आपण किती मोठ्याने ऐकत होतो. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर आवाज जसजसा चढतो तसतसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घातलेत तर यंत्राचा गोंगाट आपोआप कमी होतो आणि आवाज वाढवावा लागत नाही. मात्र घामाने कान भिजतात. वायरवाले हेडफोन हँडलमध्ये अडकतात. बिनवायरचे असतील तर ओठ आणि आवाज जुळतात का ते एकदा तपासा, काहींमध्ये आवाज किंचित मागून येतो.

आता रिमोट. ट्रेडमिलच्या कठड्यावर मी रिमोट ठेवला होता. पट्टा चालू, मी चालतोय, रिमोट घसरून खाली पडला आणि मी सहज वाकलो. पुढचं आठवतं ते पट्ट्याच्या मागच्या टोकाला, दोन्ही गुडघे सोललेल्या अवस्थेत. सिनेमा चालूच होता, कुणीतरी कुणाला तरी लग्नाची मागणी घालत होतं. तेव्हापासून दोन नियम पाळतो. ट्रेडमिलवर कपड्याला लावायची जी सुरक्षेची क्लिप असते, ती लावल्याशिवाय पट्टा सुरू करायचा नाही. आणि सिनेमा निवडणं, भाषा बदलणं, सबटायटल्स लावणं ही सगळी कामं पट्टा थांबलेला असतानाच.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगून टाकतो. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल किंवा वर्षानुवर्षं व्यायाम केला नसेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखलं, चक्कर आली, वेगळीच धाप लागली तर तिथल्या तिथे थांबा. कथेचा उलगडा दोन मिनिटांवर आला असला तरी.

पायरी ३ : जोर किती लावायचा ते पात्रांना विचारा

व्यायामाचा जोर मोजायला जगभर वापरली जाणारी एक साधी कसोटी आहे ती बोलण्याची. बोलता येतं पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरकस. सिनेमा चालू असताना ही कसोटी घेणं फारच सोपं, कारण वाक्यं समोर तयार असतात. पडद्यावरच्या माणसाने एखादं लांब वाक्य म्हटलं की ते त्याच्यामागोमाग मोठ्याने म्हणा. एका दमात पूर्ण झालं तर ठीक. मध्येच तुटलं तर रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) कमी करा. गाणं सुरू झालं आणि तुम्ही त्याच्याबरोबर निवांत कडवं गाऊ शकलात, तर तुम्ही नुसते बसला आहात.

आकडे आवडत असतील तर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रमपट्टी वापरा. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. ६ पासूनच का, तर आकड्याला दहाने गुणलं की निरोगी माणसाच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा म्हणून. सिनेमासोबतच्या व्यायामाला ११ ते १३ हा पट्टा योग्य. १५ च्या वर गेलात की कथा कळत नाही, नुसती चित्रं हलताना दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. सिनेमा पहिल्या भागाला साथ देतो. दुसऱ्या भागाचं वर लिहिलंच आहे.

पायरी ४ : सिनेमा रिळांत तोडा

नवशिक्या माणसाची नेहमीची चूक अशी, की पहिल्याच दिवशी अख्खा सिनेमा संपवायचा. दोन तास सायकल! दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि तिसऱ्या दिवसापासून सायकलवर कपडे वाळत पडतात.

मला यावर तोड सापडली ती जुन्या थिएटरांत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. थिएटरात लागणारं २००० फुटांचं रीळ त्या हिशोबाने जेमतेम २२ मिनिटं चालायचं, मग दुसऱ्या यंत्रावरचं पुढचं रीळ सुरू व्हायचं. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला कळावं म्हणून रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. जुन्या सिनेमांच्या काही प्रतींत तो आजही दिसतो. मला दिसला की मी उगाच खूश होतो.

तर वीस मिनिटांच्या आसपासचं हे रीळ नवशिक्यासाठी व्यायामाचं एकक म्हणून अगदी बेतशीर आहे. दोन तासांच्या सिनेमाची सहा रिळं. आठवड्याला साडेसात रिळं झाली की १५० मिनिटं भरली. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एकच रीळ. दुसऱ्या आठवड्यात तेच, पण रोज. तिसऱ्यापासून जमेल त्या दिवशी लागोपाठ दोन, मध्ये उतरून पाणी पिऊन. यापेक्षा घाई नको.

प्रत्येक रिळाची पहिली पाच मिनिटं हलक्या पायांनी आणि शेवटची तीन-चार पुन्हा हलक्या पायांनी. सिनेमाचं पहिलं रीळ यासाठी सोयीचं असतं, कारण दिग्दर्शकही सुरुवातीला माणसं आणि जागा दाखवत हळूहळूच निघतो. शेवटच्या रिळात श्रेयनामावली येते. ती पूर्ण बघा, पाय हळू फिरवत. अचानक थांबून उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं ते टळतं, आणि प्रकाशयोजना कुणाची होती हेही कळतं.

कुठे थांबायचं? घड्याळाच्या काट्यावर नको, दृश्य संपल्यावरही नको. दृश्य सुरू होऊन प्रश्न पडला की थांबा. दारावर टकटक झाली, दार उघडलं, समोर कोण ते अजून दिसलं नाही: बंद. उद्या सायकलवर बसायला याहून चांगलं कारण मिळणार नाही. पण यात एक अट आहे. तो सिनेमा फक्त सायकलवरच बघायचा. रात्री पलंगावर लोळत पुढचं बघितलंत की सगळी युक्ती फुकट.

या युक्तीचा अभ्यासही झालेला आहे. वर्तनाच्या अभ्यासक कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिपुस्तकं फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळतील अशी व्यवस्था केली होती. सुरुवातीला हे लोक इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा व्यायामशाळेत आले. पुढे फरक कमी होत गेला आणि मध्ये सुट्टी आल्यावर तर मावळलाच. त्यातला सुट्टीचा भाग मला फार ओळखीचा वाटला. प्रवास, पाहुणे, आजारपण, काहीही कारणाने आठवडा मोडला की जुना अर्धवट सिनेमा ओढून काढू नका. नवा लावा, पहिल्या रिळापासून.

पायरी ५ : कुठला सिनेमा सायकलवर, कुठला खुर्चीत

पाठलाग, मारामारी, खेळांवरचे सिनेमे सायकलवर छान चालतात. मात्र पाठलाग सुरू झाला की पाय नकळत जोरात फिरू लागतात, कधी कधी बोर्गच्या पट्टीवर १६ पर्यंत. आपण कुणाला पकडायला निघालेलो नाही हे स्वतःला सांगावं लागतं. गाण्यांचं तसंच. गाण्याचा ठेका पायांना ओढून नेतो, आणि ते बरंही वाटतं. एकाच सिनेमात तीन संथ आणि दोन द्रुत गाणी असली तर चढउताराचा व्यायाम फुकटात होतो.

भयपट सायकलवर चालेल, ट्रेडमिलवर अजिबात नाही. दचकताना माणूस पाय कुठे टाकतो ते त्याच्या हातात नसतं. विनोदी सिनेमा हलक्या रेझिस्टन्सवर, कारण हसायलाही श्वास लागतो आणि तो आधीच खर्ची पडलेला असतो. माहितीपट मला सगळ्यांत बरे वाटतात. निवेदक सांगत राहतो, दोन क्षण नजर हटली तरी धागा सुटत नाही.

खुर्चीसाठी राखून ठेवायचे ते शांततेवर उभे असलेले सिनेमे. एक उदाहरण सांगतो. वृद्ध बाई खिडकीशी बसलेली, कॅमेरा हलत नाही, जवळजवळ मिनिटभर काही घडत नाही. सायकलवर मला ते दृश्य लांबलेलं वाटलं, मी घड्याळ बघितलं. पुढे खुर्चीत बसून पाहिलं तेव्हा कळलं, की त्या मिनिटात बाहेरून एक आवाज येतो, अगदी बारीक, आणि तो ऐकून बाईची बोटं थांबतात. सबटायटल्समध्ये तो आवाज नव्हता. पेडलच्या घरघरीत तो मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी त्या दिग्दर्शकाला अडीच तारे दिले होते.

तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत सिनेमा असा निघाला तर उतरायची गरज नाही, सिनेमा बदला. तो खुर्चीच्या यादीत टाका. आणि वेग दीडपट करून सिनेमा बघितला असेल तर तारे देण्याचा हक्क गेला, एवढं तरी मानाच.

पायरी ६ : घामेजल्या हाताने नोंद कशी ठेवायची

वही हँडलवर धरून लिहिता येत नाही. पानं भिजतात, शाई पसरते. मी पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे आणि जाड शिसाची पेन्सिल वापरतो. मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करणं काहींना सोपं जातं. मला धापा टाकणारा माझाच आवाज नंतर ऐकवत नाही, एवढीच अडचण.

कार्डावर वाक्यं लिहायची नाहीत, खुणा करायच्या. आवडलं तर उभी रेघ, खटकलं तर फुली, कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, लक्ष उडालं तर शून्य. माझ्या एका कार्डावरची तिसऱ्या रिळाची ओळ अशी आहे: रेघ, रेघ, शून्य, शून्य, प्रश्नचिन्ह, रेघ, आणि पुढे एकच शब्द, ‘छत्री’. दोन शून्यांनंतर प्रश्नचिन्ह येणारच, कारण माझं लक्ष नव्हतं. ती चूक सिनेमाची नाही. ‘छत्री’ या एका शब्दावरून मात्र अख्खं दृश्य आठवतं. प्रत्येक रिळामागे असा एखादा वस्तूचा शब्द लिहून ठेवा. ‘अभिनय उत्तम’ असं लिहिलेल्या कार्डावरून नंतर काहीही आठवत नाही.

रीळ संपलं, सायकलवरून उतरायच्या आत कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहा. श्रम किती झाले आणि या रिळाला किती तारे. दहा सेकंदांचं काम आहे.

पायरी ७ : तारे दोनदा द्या

मुख्य गोष्ट ही. आधी मोजपट्टी ठरवा. काही ठिकाणी १० पैकी गुण देतात, काही ठिकाणी अर्ध्या ताऱ्यांसह ५ तारे, आणि नेटफ्लिक्सने तर २०१७ साली तारे काढून नुसता अंगठा वर किंवा खाली एवढंच ठेवलं. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत, हेही नवीन माणसाला माहीत नसतं. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. सगळ्यांना ‘ठीक आहे’ वाटलेला सिनेमाही तिथे उंच जाऊ शकतो. घरच्या वहीला ५ तारे, अर्ध्यांसह, पुरेत. १० पैकी द्यायला लागलं की सगळं ६ आणि ८ च्या मध्ये गोळा होतं. प्रत्येक ताऱ्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत पहिल्या पानावर लिहा. माझ्याकडे ३ म्हणजे ‘कुणी लावला तर बसेन’ आणि ४ म्हणजे ‘मी होऊन लावीन’.

आता तो सायकलचा दीड तारा आला कुठून? मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी हे कोडं १९७० च्या दशकात सोडवलं. त्यांचं म्हणणं असं, की व्यायामाने शरीर खवळतं आणि ते खवळणं लगेच निवत नाही. मागे उरलेली ती धग पुढच्या भावनेला जाऊन मिळते, आणि माणसाला वाटतं की सगळी ऊब त्या दुसऱ्या गोष्टीचीच आहे. जोआन कँटर आणि जेनिंग्ज ब्रायंट यांच्यासोबत त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर चक्क आपल्याच विषयावरचा आहे. पुरुष विद्यार्थ्यांना व्यायामाच्या सायकलवर पेडल मारायला लावलं आणि त्यानंतर वेगवेगळ्या अंतराने एका कामुक चित्रपटाचे तुकडे दाखवले. (विषय कामुकच का, ते त्या दशकालाच विचारा.)

यातली गंमत निकालात आहे. व्यायामानंतर लगेच, छाती धडधडत असताना ज्यांनी पाहिलं, ते फसले नाहीत, कारण धडधड कशाची ते त्यांना ठाऊक होतं. पूर्ण शांत झाल्यावर ज्यांनी पाहिलं तेही फसले नाहीत. फसले ते मधले: ज्यांना वाटत होतं की आपण आता निवलो, पण शरीर अजून निवलेलं नव्हतं. त्यांना चित्रपट जास्त उत्तेजक आणि जास्त चांगला वाटला.

म्हणजे घातवेळ कुठली? उतरल्यानंतरची काही मिनिटं, टॉवेलने तोंड पुसून, पाणी पिऊन, आता बरं वाटतंय म्हणत फोन हातात घेऊन तारे टाकतो ती. नेमकी तीच वेळ आपण सगळे निवडतो. सायकलवर बसल्या बसल्या दिलेला तारा त्यापेक्षा बरा, कारण तेव्हा धाप समोर असते.

म्हणून पद्धत अशी. शेवटचं रीळ संपताच, पाय हळू फिरत असतानाच, अख्ख्या सिनेमाला तारे द्या. याला मी ओला तारा म्हणतो. मग कार्ड उलटं करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, अंगात घाम नसताना, खुणा आणि वस्तूंचे शब्द वाचून पण आदला आकडा न बघता पुन्हा द्या. तो कोरडा तारा. कुणाला सांगायचा असेल, कुठे टाकायचा असेल तर कोरडा. ओला वहीतच राहू द्या.

उलटी फसगतही होते. उरलेली धग रागालाही खतपाणी घालते. ज्या दिवशी मांड्या भरून आलेल्या असतात त्या दिवशी नायकाचं बोलणं, नायिकेचे कपडे, पावसाचं दृश्य, सगळं डोक्यात जातं. कार्डावर श्रमाचा आकडा लिहायचा तो यासाठी. श्रम १५ आणि तारे दीड असं दिसलं, की कोरड्या ताऱ्याच्या वेळी थोडं सबुरीने घ्यायचं.

आणखी एक सापळा शेवटच्या रिळाचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय, की झालेला अनुभव आपण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून तोलतो, तो किती वेळ चालला याचा हिशोब फारसा लागत नाही. सहा दिवस रीळ रीळ करून बघितलेल्या सिनेमात तर हे जास्तच जाणवतं. पहिली दोन रिळं आठवड्यापूर्वीची झालेली असतात. कोपऱ्यातले रिळागणिक तारे अशा वेळी साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात. फक्त त्यांची सरासरी काढू नका. पाच रिळं कंटाळवाणी आणि सहावं विलक्षण, असा सिनेमा दोन ताऱ्यांचा नसतो, आणि तो चारचा आहे की तीनचा हे गणिताने ठरत नाही.

तिसरा आकडाही ठेवायचा असेल तर ठेवा: सायकलवर वेळ कसा गेला याचा. हा सिनेमाच्या दर्जाचा आकडा नव्हे, सोबतीचा. टुकार सिनेमा उत्तम सोबत करू शकतो. हा रकाना वेगळा ठेवल्यापासून माझा ओला तारा जरा ताळ्यावर आला, कारण ‘मजा आली’ हे लिहायला स्वतंत्र जागा मिळाली.

पायरी ८ : महिन्यातून एकदा खुर्चीत एक रीळ

दहा-पंधरा कार्डं जमली की ओले आणि कोरडे तारे शेजारी शेजारी मांडा. प्रत्येकाचा फरक वेगळा निघतो. माझा पाठलागांत आणि गाण्यांत वर जातो, घरगुती कथांत जवळपास शून्य असतो. हा फरक सरसकट वजा करायचा मोह होईल, पण एका सिनेमातून आलेला आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

त्याऐवजी ज्या कार्डावर दोन ताऱ्यांमध्ये सगळ्यांत मोठं अंतर आहे तो सिनेमा काढा आणि त्यातलं एकच रीळ, चपला काढून, पंखा बंद करून, खुर्चीत बसून बघा. कुठलं रीळ? ज्याच्यासमोर शून्यं सर्वांत जास्त आहेत ते. त्या पाठलागपटाचं चौथं रीळ मी असं बघितलं. चार शून्यं होती. पुलाखालचं ते दृश्य निघालं, ज्यात नायक तीन मिनिटं कुणाचाच पाठलाग करत नाही, नुसता बुटाची नाडी बांधत कुणाशी तरी बोलत बसतो. तेवढं दृश्य फार सुरेख आहे. कोरड्या ताऱ्यात त्याचा अर्धा वाढवला.